येऊरच्या पायथ्याची भिंत: मुळं, पाणी आणि भूकंप यांच्या प्रकल्प नोंदी

१४ जानेवारी २०२४

ठाण्यात उपवन तलावाच्या वरच्या अंगाला, येऊरच्या पायथ्याशी असलेल्या एका सोसायटीची मागची संरक्षक भिंत पाहून आले. लांबी चाळीस मीटरच्या आसपास, उंची कुठे साडेतीन तर कुठे चार मीटर. सिमेंटच्या मसाल्यातलं डबराचं बांधकाम आहे, पण दरजा, म्हणजे दगडांमधले सांधे, बऱ्याच ठिकाणी पोकळ झाल्यात. भिंतीमागे डोंगर कापून भरलेला मुरूम आणि त्यावर हातभर माती. तिच्यात जे आपोआप उगवतं ते सगळं उगवलंय: सुबाभूळ, गिरिपुष्प, घाणेरी, गवत, करंजाची दोन चांगली वाढलेली झाडं. शिवाय भिंतीच्याच मधल्या भागात, जमिनीपासून साधारण अडीच मीटरवर एक पिंपळ आहे. त्याचं खोड माझ्या मनगटाहून जाड.

इमारतींचं स्ट्रक्चरल ऑडिट झालेलं आहे, भिंत मात्र कुणाच्याच यादीत नव्हती. हे ठाण्यात सगळीकडे दिसतं. भिंतीला कंपाउंड समजलं जातं. प्रत्यक्षात चार मीटर उंचीची भिंत दर मीटर लांबीला जवळपास पाच टनांचा रेटा रात्रंदिवस अडवून उभी असते, आणि तिच्या पायाशी लोक गाड्या लावतात, मुलं क्रिकेट खेळतात.

कमिटीत दोन मतं आहेत. एका बाजूचं म्हणणं, मुळं माती धरून ठेवतात, झाडांना हात लावू नका. दुसऱ्या बाजूचं, मुळांनीच भिंत फुटतेय, सगळं साफ करा. सेक्रेटरींनी त्यात तिसरा प्रश्न टाकला, "मॅडम, उद्या भूकंप झाला तर यातलं काय खरं ठरेल?" मला हाच प्रश्न महत्त्वाचा वाटला. वनस्पतिशास्त्र शिकवणाऱ्या माझ्या मैत्रिणीला विचारलं, ती लगेच तयार झाली. झाडं तिच्याकडे, भिंत माझ्याकडे.

४ फेब्रुवारी २०२४

मोजणीचा दिवस. मिस्त्री आणि त्यांचा हाताखालचा मुलगा सोबत होते.

माथ्यावरून ओळंबा सोडून भिंतीच्या तोंडाचं अंतर दर अर्ध्या मीटरला घेतलं. हे तोंड बांधतानाच मागे कललेलं आहे, त्यामुळे चांगल्या भागातली मापं आधी घेतली आणि बाकीची त्यांच्याशी ताडली. बहुतेक लांबीत फरक नगण्य. पिंपळाच्या दोन्ही बाजूंना मिळून चारेक मीटरच्या पट्ट्यात मात्र भिंतीला पोट आलंय, मध्याच्या जरा वर सर्वांत जास्त, ४५ मि.मी. हातोडीने ठोकून पाहिलं तर त्याच पट्ट्यात पोकळ आवाज येतो. म्हणजे बाहेरचा दगडी थर आतल्या भरावापासून सुटू लागलाय.

जिन्यापाशी भिंतीचं टोक तुटलेलं आहे, तिथे आडवा छेद उघडा दिसतो. माथ्याला जाडी ६० सें.मी., तळाला १.८ मी. बाहेर एक तोंड, आत दुसरं, मध्ये बारीक डबर. दोन्ही तोंडांना बांधणारे आरपार दगड त्या छेदात एकही नाहीत. मिस्त्री म्हणाले, "ताई, आरपार दगड महाग पडतो, उचलायला चार माणसं लागतात. ठेकेदार गाळतोच." किल्लारीच्या भूकंपात जाड दगडी भिंती याच कारणाने उभ्या फाटल्या होत्या. तिथे मसाला मातीचा होता, इथे सिमेंटचा, पण दोन सुट्या तोंडांची भिंत हलली की काय होतं ते मराठवाड्याने पाहिलंय.

पाणी निघायची भोकं एकमेकांपासून साधारण दीड मीटरवर आहेत, दोन ओळींत. खालच्या ओळीतली अर्ध्याहून जास्त बंद. काहींच्या तोंडातून मुळांचे तंतू बाहेर लोंबताहेत.

आणखी एक खूण सापडली आणि तीच मला सर्वांत मोलाची वाटते. भिंतीच्या तोंडावर साधारण दोन मीटर उंचीवर क्षारांची पांढरी रेघ आहे, तिच्या खाली वाळलेलं शेवाळ. पावसाळ्यात मागचं पाणी कुठवर चढून थांबतं हे भिंतीनेच लिहून ठेवलंय.

६ फेब्रुवारी २०२४

तळमजल्यावरच्या काकू पिंपळाला रोज तांब्याभर पाणी घालतात, शनिवारी दिवा लावतात. त्यांनी सरळ विचारलं, "तू त्याला तोडायला आलीयस का?" मी म्हटलं, "काकू, अजून काहीच ठरलेलं नाही. आधी तो भिंतीचं काय करतोय ते बघू." त्यांनी सांगितलेली माहिती उपयोगाची आहे: पिंपळ पहिल्यांदा दिसला तेव्हा वरच्या ओळीतल्या एका भोकातून चार पानं बाहेर आली होती. बी तांबट किंवा बुलबुलाच्या विष्ठेतून पडलं असणार. भोकात ओल मिळाली आणि तो तिथेच रुजला.

१८ फेब्रुवारी २०२४

हिशेब मांडला. पुढे सगळं यावर उभं राहणार आहे म्हणून सविस्तर लिहिते.

गृहीतं: उंची ४ मी., मुरमाचा घर्षणकोन (कणांची एकमेकांवरची पकड दाखवणारा कोन) ३० अंश, वजन घनमीटरला १८ किलोन्यूटन (एक किलोन्यूटन म्हणजे साधारण शंभर किलोचा भार). भिंतीची सरासरी जाडी १.२ मी., दगडी कामाचं वजन घनमीटरला २३, म्हणजे दर मीटर लांबीला भिंतीचं वजन ११० किलोन्यूटन. तळाशी घर्षणाचा गुणांक ०.६ धरला तर भिंत पुढे सरकू न देणारं बळ ६६. उलटण्याचा हिशेब वेगळा केला, पण या भिंतीत आधी सरकणंच येतं. खालचे सगळे आकडे दर मीटर लांबीला, किलोन्यूटनमध्ये.

कोरड्या मातीचा नुसता रेटा ४८. समोर ६६ आहेत, भिंत उभी. नव्या भिंतीला आपण दीडपट सुरक्षितता मागतो, ती इथे नाही, पण जुन्या भिंती बहुतेक अशाच असतात.

आता भूकंप. आयएस १८९३ या भूकंपासाठीच्या भारतीय मानकाच्या २०१६ च्या आवृत्तीप्रमाणे ठाणे तिसऱ्या भूकंप विभागात येतं, विभागाचा गुणांक ०.१६. त्याचा निम्मा, ०.०८, क्षैतिज हादऱ्यासाठी घेतला. मोनोनोबे आणि ओकाबे या दोघा जपानी अभियंत्यांची पद्धत वापरली. १९२३ च्या कांतो भूकंपानंतर त्यांनी ती मांडली आणि आजही जगभर हिशेबाची सुरुवात तिथूनच होते. मातीचा रेटा ४८ वरून ५५ होतो, सात वाढले. भिंतीचं स्वतःचं वजनही हादऱ्यात पुढे झेपावतं, त्याचे जवळपास ९. एकूण ६४. समोर ६६. काठावर, पण उभी.

आता पाणी, भूकंपाशिवाय. पांढऱ्या रेघेइतकं, म्हणजे अर्ध्या उंचीपर्यंत पाणी साचलं तर माती आणि पाणी मिळून रेटा ६२. पुन्हा काठावर, पुन्हा उभी. गेली कित्येक वर्षं ती दर पावसाळ्यात याच काठावर उभी राहत असणार.

दोन्ही एकदम आले तर ७८. समोर ६६. भिंत सरकली.

तळाखालून वर येणारा पाण्याचा दाब यात धरलेला नाही, तो धरला तर चित्र आणखी वाईट. भिंतीसमोरच्या मातीचा आधारही सोडलाय, कारण तिथे गटार खणलेलं आहे. सगळी भोकं बंद होऊन पाणी माथ्यापर्यंत चढलं तर भूकंपाची गरजच नाही: रेटा १०५ पर्यंत जातो. २०१९ च्या जुलैच्या सुरुवातीला मालाडच्या पिंपरीपाड्यात रात्री भिंत कोसळून माणसं गेली तेव्हा जमीन हलली नव्हती, फक्त पाऊस होता.

माझ्यासाठी प्रश्न इथे बदलला. मुळं भूकंपात भिंतीला मदत करतात का, एवढंच विचारून भागणार नाही. मुळं पाण्याचं काय करतात हे त्याच दमात विचारावं लागेल. आपल्याकडे हे दोन हिशेब वेगवेगळ्या कागदांवर होतात, भूकंपाच्या कागदावर माती कोरडी धरलेली असते. किल्लारीचा भूकंप ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे झाला, गणपती विसर्जनानंतरच्या रात्री. सप्टेंबरअखेर येऊरच्या पायथ्याचा मुरूम चिंब असतो.

३ मार्च २०२४

मुळांचा खड्डा. मैत्रीण, माळीकाका आणि मी. पिंपळापासून लांब, भिंतीपासून दीड मीटरवर असलेल्या करंजाच्या बाजूला, भिंतीच्या पाठीपर्यंत जाणारा, भिंतीला काटकोनात अरुंद चर घेतला, सव्वा मीटर खोल. पहार लावायची नाही, खुरपं आणि ब्रश, असा तिचा नियम. वेळ खूप लागला.

दिसलेलं असं. बारीक मुळांचा मोठा भाग वरच्या साठ-सत्तर सें.मी.मध्ये. त्याखाली मुरूम घट्ट होत जातो आणि मुळं झपाट्याने विरळ होतात. करंजाची जाड मुळं भिंतीकडे जाताना वाटेत वळतात आणि भिंतीला समांतर धावतात. भिंतीच्या अगदी पाठीला मात्र बारीक मुळांची चटई आहे, कारण दगडाच्या पाठीवर ओल टिकते. खडीचा गाळणथर असायला हवा तिथे माती आणि मुळं ठासून भरलेली. गाळणथर मुळात घातलाच नव्हता की नंतर बुजला, हे एका चरावरून सांगता येणार नाही.

भिंत जेव्हा हरते तेव्हा तिच्यामागची मातीची एक पाचर सुटून पुढे येते. ४ मीटरच्या भिंतीसाठी माथ्यावर ती २.३ मीटर मागे पोचते. भूकंपात घसरणीचं प्रतल आडवं होत जातं, कोन ६० वरून ५६ अंशांवर येतो आणि पाचर २.७ मीटरपर्यंत रुंदावते. झाडांकडे मी पाचरीच्या या रेघेवरून बघते. दीड मीटरवरचं झाड पाचरीच्या आत उभं आहे. त्याची मुळं रेघेपलीकडच्या पक्क्या जमिनीत गेली नसतील तर पाचरीबरोबर ते झाडही खाली येणार, ते कशालाच बांधलेलं नाही. रेघेच्या अलीकडे-पलीकडे दोन्हीकडे ज्यांची मुळं पसरलीत तीच झाडंझुडपं पाचरीला मागे धरतात.

किती धरतात? बारीक मुळांनी भरलेल्या मातीत प्रकाशित मोजमापांनुसार चौरस मीटरला एकापासून वीस किलोन्यूटनपर्यंत जास्तीची ताकद मिळते. मी पाच धरली, आणि तीही फक्त वरच्या एका मीटरात, कारण आपल्या खड्ड्यात मुळं तिथेच आहेत. तेवढ्या उंचीत घसरणीचं प्रतल १.१५ मीटर लांब. गुणाकार जवळपास ६ किलोन्यूटन. मला हा आकडा फार बोलका वाटला. भूकंपाने मातीचा रेटा ७ ने वाढवला होता, मुळं त्यातले ६ परत देतात. म्हणजे "मुळं माती धरून ठेवतात" म्हणणाऱ्यांचं म्हणणं पोकळ नाही, त्याला वजन आहे. पण त्याच मुळांनी भोकं बुजवली तर अर्ध्या उंचीच्या पाण्याचे १४ वाढतात. सहा देऊन चौदा घेतले.

झाड पाणी शोषून माती कोरडी ठेवतं, मातीतलं ताण-बळ (कणांमधल्या ओलीची कणांना धरून ठेवणारी ओढ) वाढवतं, हाही एक फायदा सांगितला जातो. फेब्रुवारीत तो खरा आहे. आपल्याकडच्या जुलैत, जेव्हा हवेतच ओल भरलेली असते आणि पाऊस थांबत नाही, तेव्हा त्यावर मी एक किलोन्यूटनही मोजणार नाही.

१० मार्च २०२४

वाळ्याच्या, म्हणजे भिंतीमागे लावायचा विचार असलेल्या गवताच्या, मुळांची ओढ-चाचणी. मैत्रिणीच्या घरी कुंडीत जुना वाळा आहे, त्यातलीच मुळं घेतली. हातातला स्प्रिंगकाटा, दोन लाकडी चिमटे, रबराची पट्टी. पाऊण ते एक मि.मी. जाडीची मुळं दोन ते साडेतीन किलोला तुटली. चिमट्यापाशी तुटलेली वाचनं टाकून दिली, ती मुळाची ताकद दाखवत नाहीत, चिमट्याची दाखवतात. वाळ्याच्या मुळांची ताण सोसण्याची सरासरी ताकद ७५ मेगापास्कलच्या (चौरस सेंटिमीटरला साधारण साडेसातशे किलोच्या) आसपास मोजली गेली आहे, त्या हिशेबाने ०.८ मि.मी.चं मूळ पावणेचार किलोला तुटावं. कुंडीतल्या मुळांसाठी आपली वाचनं त्याच्या जवळची आहेत.

बारीक मूळ क्षेत्रफळाच्या मानाने जाड मुळापेक्षा मजबूत असतं, हे बहुतेक जातींत दिसतं. मातीला जोडणारं खरं जाळं बारीक मुळांचं. जाड मुळं झाडाला उभं ठेवतात.

सगळी मुळं एकाच क्षणी तुटत नाहीत हेही ध्यानात ठेवायला हवं. जुन्या सूत्रांत सगळ्यांची ताकद एकदम बेरीज करतात, त्यामुळे उत्तर फुगतं. मी पाचच का धरली त्याचं हेही एक कारण.

२१ मार्च २०२४

आज पहाटे हिंगोलीकडे ४.५ तीव्रतेचा धक्का. ठाण्यात काही जाणवलं नाही, पण सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर दिवसभर भिंतीचीच चर्चा. एका आजोबांनी ११ डिसेंबर १९६७ ची पहाट सांगितली, कोयनेचा भूकंप झाला तेव्हा ते ठाण्यात कौलारू घरात होते आणि मांडणीवरची भांडी वाजली होती. कोयना इथून दोनशे किलोमीटरच्या आसपास. सेक्रेटरींनी फोन करून विचारलं, पावसाळ्यापूर्वी काय काय होऊ शकेल? भोकं उघडणं होईल, असं सांगितलं.

७ एप्रिल २०२४

पिंपळाबद्दल नीट विचार करायला आज पूर्ण दिवस दिला.

कमिटीतल्या एकांचं म्हणणं आहे की पिंपळाच्या मुळांनी दगड आवळून धरलेत, म्हणून पोट आलं तरी भिंत पडली नाही. हे मी उडवून लावणार नाही. मुळांचं जाळं दगडांभोवती खरंच आहे आणि संथ, स्थिर ओझ्याखाली ते काही दगड जागच्या जागी ठेवतही असेल. पण भूकंपात तोच युक्तिवाद टिकत नाही, आणि कारण ताकदीत नाही, लवचिकतेत आहे. दरजेतला मसाला मिलिमीटरभर हालचालीतच तडकतो. मूळ मात्र ताणलं गेल्यावर, काही सेंटिमीटर हालचाल झाल्यावर कुठे पूर्ण जोर लावतं. मातीच्या उताराला एवढी हालचाल परवडते, म्हणून तिथे मुळं उपयोगी पडतात. दगडी भिंतीला परवडत नाही. मुळाचा जोर यायच्या आत दरज गेलेली असते.

दुसरं, वाढणाऱ्या मुळाचा बाहेरच्या बाजूला दाब अर्धा ते एक मेगापास्कल, म्हणजे चौरस सेंटिमीटरला पाच ते दहा किलो. अखंड दगड त्याने फुटत नाही. पोकळ दरजेला एवढा दाब वर्षानुवर्षं पुरेसा होतो. ४५ मि.मी.चं पोट आलं ते याच मार्गाने, मागून पाण्याच्या रेट्याची भर पडत. जपानमध्ये किल्ल्यांच्या दगडी तटांचं असं पोट नियमित मोजतात, कारण हादऱ्यात तट तिथून सुटतो. एप्रिल २०१६ च्या भूकंपांत कुमामोतो किल्ल्याचे तट ठिकठिकाणी कोसळले, ते तर मसाल्याशिवाय रचलेले, मागे गोट्यांचा भराव असलेले. आपली भिंत वेगळ्या जातीची आहे, पण फुगलेलं तोंड दोन्हीकडे एकच गोष्ट सांगतं: दगडांची एकमेकांवरची बैठक बिघडलीय.

तिसरं, झाडाचं वजन. अडीच मीटरवर, भिंतीच्या तोंडाबाहेर झुकलेलं. हादऱ्यात ते भिंतीच्या तालावर हलत नाही, त्याचं डोलणं संथ असतं, आणि बुंध्यापाशी दर वेळी पहार दिल्यासारखा जोर दगडांवर येतो.

मुळं भूकंपात उतार सावरतात याचा प्रयोगाने मिळालेला पुरावा आहे, तोही इथेच टिपून ठेवते. स्कॉटलंडमधल्या डंडी विद्यापीठातल्या संशोधकांनी थ्री-डी प्रिंटरवर प्लास्टिकची मुळं तयार केली, लहान उतारात बसवली, तो उतार सेंट्रिफ्यूजमध्ये गरगर फिरवला आणि फिरत असतानाच त्याला भूकंपाचे हादरे दिले. सेंट्रिफ्यूज लागतो कारण लहान नमुन्यात मातीवर स्वतःच्या वजनाचा दाब फारच कमी येतो, फिरवल्याने तो खऱ्याइतका होतो. मुळं असलेल्या उताराचा माथा कमी खचला. सेक्रेटरींनी विचारलं होतं की कॉलेजच्या टेबलावर पेटी हलवून आपल्याला हेच दाखवता येईल का. पेटी हलवून पाचर कशी सुटते ते सुंदर दिसेल, मुलांना दाखवायला चांगलं. त्यातून मुळांच्या ताकदीचा आकडा काढणं मात्र चुकीचं ठरेल.

तर माझं मत ठरलं. उतारावरची मुळं ठेवायची, भिंतीतलं मूळ जायला हवं.

२८ एप्रिल २०२४

भोकं उघडायचं काम पूर्ण, पिंपळाचा पट्टा सोडून. मिस्त्रींनी लांब गजाला आकडा करून आतली मुळं ओढून काढली. एका भोकातून हातभर लांबीचा, ओल्या सुंभासारखा मुळांचा पीळ निघाला. त्यामागोमाग माती आली आणि मग, एप्रिलच्या उन्हात, थोडं पाणी. वर कुठली तरी पाइपलाइन झिरपतेय. शोधायला सांगितलं.

भोकांत नवे पाइप बसवले, आतल्या तोंडाला जाळी आणि भोवती खडीचा गोळा. मुळं पुन्हा येणारच, म्हणून दरवर्षी मे महिन्यात गज फिरवायचा हे माळीकाकांच्या कामाच्या यादीत लिहून घेतलं. भिंतीमागे दोन उभे पीव्हीसी पाइप रोवले, एक साफ केलेल्या भागात, एक पिंपळाच्या मागे. पावसाळ्यात त्यांत दोरी सोडून पाण्याची पातळी वाचायची.

पिंपळाच्या पट्ट्यातली भोकं खोडाच्या आणि मुळांच्या मागे गेलीत. दगड काढल्याशिवाय ती उघडता येणार नाहीत, आणि पावसाळ्याच्या तोंडावर फुगलेल्या भिंतीतला दगड मी काढू देणार नाही.

१९ मे २०२४

लागवडीची आखणी. पाचरीच्या रेघेवरूनच केली.

भिंतीच्या माथ्यापासून पहिला मीटरभर फक्त गवत आणि पाणी वळवणारी उथळ नाली. त्यापुढे वाळ्याचे ठोंब, भिंतीला समांतर तीन ओळींत, वीतभर अंतराने. वाळ्याची मुळं सरळ खाली जातात, आडवी पसरत नाहीत, म्हणून भिंतीजवळ तो चालतो. चांगल्या मातीत ती दोन-तीन मीटर जातात. आपल्या मुरमात त्याच्या निम्मं मिळालं तरी मी समाधानी. अडीच ते चार मीटरच्या पट्ट्यात निरगुडी आणि वरच्या डोंगरावरचीच कारवी. मोठी झाडं चार मीटरपलीकडे, तिथे मैत्रिणीने करंज आणि आपटा सुचवलाय. भिंतीच्या जवळची सुबाभूळ वाढू न देता सारखी छाटत राहायची.

दीड मीटरवरचा करंज आत्ता काढायचा नाही. यावर आमच्यात बराच वेळ वाद झाला आणि मला तिचं पटलं. झाड तोडलं की मुळं लगेच जात नाहीत, पण पुढच्या काही वर्षांत कुजत जाऊन त्यांची ताकद संपते, आणि जागी पोकळ नळ्या उरतात ज्यांतून पाणी सरळ भिंतीच्या पाठीला पोचतं. नव्या मुळांनी जागा घेतल्यावरच जुनी सोडायची. तोवर त्याचा घेर कमी ठेवायचा.

पिंपळासाठी महापालिकेच्या वृक्ष प्राधिकरणाकडे अर्ज. १९७५ च्या राज्याच्या वृक्ष संरक्षण कायद्याप्रमाणे परवानगीशिवाय फांदीलाही हात लावायचा नाही, हे कमिटीत पुन्हा वाचून दाखवलं, कारण "रात्रीतून ॲसिड टाकू" असं एकजण बोलून गेले होते. ते बेकायदा तर आहेच, शिवाय आत कुजलेलं मूळ आणि बाहेर फुगलेली भिंत ही सर्वांत वाईट जोडी.

काकूंशी स्वतः बोलले. आकडे दाखवले नाहीत, पोट दाखवलं, ओळंबा धरून. त्या बराच वेळ दोरीकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "खाली मुलं खेळतात." भिंतीच्या फटीत पिंपळाचीच लहान रोपं आहेत, त्यातली दोन मैत्रिणीने मुळांसकट काढून पिशवीत लावली. वरच्या सपाट जागेत, भिंतीपासून खूप दूर, ती लावायची आणि पाणी काकू घालणार.

९ जून २०२४

पाऊस आला. वाळ्याचे ठोंब लागलेत, नाली वाहतेय. वरची झिरपणारी पाइपलाइन दुरुस्त झाली.

१४ जुलै २०२४

जोरदार पावसाच्या दिवसांनंतरची वाचनं. साफ केलेल्या भागात तळापासून पाणी ०.४ मीटर, खालच्या ओळीतली सगळी भोकं वाहताहेत. पिंपळाच्या मागे १.७ मीटर. म्हणजे फेब्रुवारीतल्या मांडणीतली अर्धी उंची तिथे जवळपास प्रत्यक्षात आहे, आणि तो पट्टा आज मोठा हादरा पेलणार नाही. पोट ४५ वरून ४७ मि.मी. ओळंब्याच्या मोजणीत दोन मि.मी.चा फरक चुकीतही बसतो, म्हणून फटीवर काचेच्या पट्ट्या चिकटवल्या. भिंत सरकली तर काच तडकेल, संशय राहणार नाही.

कमिटीला आज लेखी दिलं आणि त्यांनी सही करून घेतलं. पिंपळाच्या पट्ट्यासमोर दहा मीटर लांबीत आणि भिंतीच्या उंचीइतक्या अंतरात गाड्या लावायच्या नाहीत, मुलांनी खेळायचं नाही. गटारावर जाळी टाकून भिंतीच्या पायाशी खडीच्या गोण्यांचा दीड मीटर उंचीचा टेकू रचायचा, मातीच्या गोण्यांचा नाही, कारण पाणी त्यातून निघून गेलं पाहिजे. दर शनिवारी दोन्ही पाइप वाचायचे, पिंपळामागच्या पाइपात पाण्याने दोन मीटर ओलांडले तर त्याच दिवशी मला फोन.

परवानगी हातात आली की नोव्हेंबरात पिंपळ उतरवायचा, फुगलेला चार मीटरचा पट्टा वरून खाली, थराथराने उतरवायचा, आणि गाळणथर घालून पुन्हा बांधायचा. मिस्त्रींनी आरपार दगडांचा भाव काढायला घेतलाय. दर चौरस मीटरला निदान एक, हे अंदाजपत्रकात वेगळ्या ओळीत लिहिलंय, म्हणजे कुणाला ते गाळता येणार नाही.